मर्यादित निधी आणि संगणकाची निवड : महाविद्यालयीन संगणक कक्षाच्या संदर्भात

प्रस्तावना

संगणकाची खरेदी हा वरवर पाहता एक साधा व्यवहार वाटतो. परंतु ग्रामीण अथवा निमशहरी महाविद्यालयाच्या दृष्टीने तो पुढील पाच-सात वर्षांसाठी घेतलेला शैक्षणिक निर्णय असतो. एकदा निधी खर्ची पडला की तो पुन्हा लवकर उपलब्ध होत नाही आणि निवड चुकल्यास तिची किंमत संगणकासमोर ताटकळत बसणाऱ्या विद्यार्थ्यांना मोजावी लागते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० च्या सर्वसाधारण आवृत्त्यांना मिळणारी नियमित मोफत सुरक्षा-अद्यतने थांबली. त्यामुळे अनेक संगणक कक्षांसमोर जुनी यंत्रे बदलावीत की सुधारावीत, हा प्रश्न उभा राहिला. या पार्श्वभूमीवर गरज आणि निधी यांचा मेळ घालून हार्डवेअरची निवड कशी करता येईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

गरजेचे निर्धारण

निवडीचा आरंभ बाजारातील दरपत्रकापासून नव्हे, तर कामांच्या यादीपासून व्हावयास हवा. महाविद्यालयातील कामांचे स्थूलमानाने तीन वर्ग करता येतात. पहिल्या वर्गात कार्यालयीन पत्रव्यवहार, ग्रंथालयातील नोंदी व इंटरनेटचा वापर ही कामे येतात. दुसऱ्या वर्गात प्रोग्रामिंग, सांख्यिकी विश्लेषण व विदासंच हाताळणे यांचा समावेश होतो. तिसऱ्या वर्गात चलच्चित्र-संपादन व त्रिमितीय आरेखन यांसारखी कामे मोडतात. पहिल्या वर्गासाठी ८ जीबी रॅम व साधा प्रोसेसर पुरेसा ठरतो. दुसऱ्यासाठी १६ जीबी रॅम इष्ट असते. स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाची खरी गरज मुख्यतः तिसऱ्या वर्गातच भासते. सर्व यंत्रे एकाच साच्याची घेतल्यास एकीकडे निधी वाया जातो, तर दुसरीकडे क्षमता अपुरी पडते.

प्रोसेसर : नावापेक्षा पिढी महत्त्वाची

प्रोसेसरच्या नावातील मोठा आकडा म्हणजे अधिक वेग, हा समज सर्वत्र आढळतो. तो पूर्णतः खरा नाही. इंटेलचा २०१३ मधील कोअर आय-७ ४७७० आणि २०२२ मधील कोअर आय-३ १२१०० या दोहोंत प्रत्येकी चार कोअर व आठ थ्रेड आहेत. तरीही नंतरचा, कनिष्ठ श्रेणीतील प्रोसेसर अधिक वेगवान आहे. कारण नव्या रचनेत घड्याळाच्या प्रत्येक ठोक्यामागे अधिक काम पूर्ण होते. शिवाय विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे साधारणतः आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर असून टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधाही अनिवार्य आहे. म्हणजेच 'आय-७' असे ठळकपणे मिरविणारे जुने यंत्र स्वस्तात मिळाले तरी ते या प्रणालीसाठी अधिकृतपणे पात्र ठरेलच असे नाही.

रॅम आणि साठवण

संगणक संथ झाला की दोष प्रोसेसरला दिला जातो. प्रत्यक्षात अडथळा बहुधा अन्यत्र असतो. रॅम अपुरी पडली की प्रणाली काही माहिती डिस्कवर हलविते आणि प्रोसेसर प्रतीक्षा करीत राहतो. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एका फेऱ्यासाठी सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे हवी असलेली माहिती वाचन-शीर्षाखाली येण्यास सरासरी ४.२ मिलिसेकंद जातात. वाचन-शीर्ष योग्य जागी सरकण्याचा वेळ याहून वेगळा. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसल्याने हा विलंब मिलिसेकंदाच्या लहानशा अंशावर येतो. म्हणून कमी खर्चात सर्वाधिक फरक जाणवतो तो हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविल्याने.

विंडोज ११ साठी सांगितलेली किमान ४ जीबी रॅम ही प्रणाली चालू होण्याची मर्यादा आहे, सुखाने काम होण्याची नव्हे. २०२५ च्या उत्तरार्धात डेटा सेंटरच्या वाढत्या मागणीमुळे रॅमच्या किमती झपाट्याने वाढल्या. अशा परिस्थितीत आज आवश्यक तेवढी रॅम घेऊन मदरबोर्डवर एक जागा रिकामी ठेवणे शहाणपणाचे ठरते. मात्र डीडीआर-४ व डीडीआर-५ या प्रकारांच्या खाचा भिन्न असल्याने एकाची रॅम दुसऱ्याच्या जागेत बसत नाही, हे ध्यानात ठेवावे.

जुन्या यंत्रांचा विचार

विंडोज ११ साठी अपात्र ठरलेले प्रत्येक यंत्र भंगारात काढणे आवश्यक नसते. एसएसडी व थोडी अधिक रॅम बसवून त्यावर लिनक्स प्रणाली चालविता येते; सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' ही त्यांपैकीच एक होय. पायथन, आर व लिबरऑफिस ही लिनक्सवर विनामूल्य उपलब्ध असून युनिकोडमुळे मराठी टंकलेखनही अडत नाही. मात्र वाणिज्य शाखेत शिकविले जाणारे टॅली विंडोजसाठी बनविलेले असल्याने त्या विभागास नवी यंत्रे प्राधान्याने द्यावी लागतील. जी यंत्रे खरोखर निकामी झाली असतील, त्यांतील माहिती पूर्णतः पुसून ती नोंदणीकृत ई-कचरा पुनर्चक्रणकर्त्याकडे सोपवावीत.

दृष्टीआड राहणारा खर्च

अंदाजपत्रक आखताना यूपीएस, विद्युत जोडणी, अर्थिंग व देखभाल या बाबी शेवटी आठवतात. यूपीएसवरील व्हीए हा आकडा म्हणजे वॉट नव्हे. ६०० व्हीए क्षमतेचे यंत्र ०.६ शक्तिगुणकाने केवळ ३६० वॉट भार पेलते. वीज-वापराचा हिशेबही उद्बोधक आहे. मॉनिटरसह १०० वॉट वापरणारा संगणक दररोज ६ तास याप्रमाणे वर्षातील २०० दिवस चालल्यास १२० युनिट वीज लागते. ४० वॉटच्या लहान यंत्रास ४८ युनिट पुरतात. वीस यंत्रांमागे वार्षिक बचत १४४० युनिट होते. खरेदीच्या वेळी स्वस्त वाटणारे यंत्र वापरात महाग पडू शकते, ते असे.

निविदेतील शब्दांचे महत्त्वही तितकेच आहे. अटी पूर्ण करणाऱ्यांपैकी न्यूनतम दराची निविदा स्वीकारली जात असल्याने, जे लिहिले नाही ते मिळत नाही. केवळ '५०० जीबी साठवण' असे नमूद केल्यास हार्ड डिस्कही त्या अटीत बसते. म्हणून एसएसडी, प्रोसेसरची पिढी, रॅमचा प्रकार, रिकामी जागा व जागेवर मिळणाऱ्या हमीसेवेचा कालावधी या बाबी स्पष्ट शब्दांत मांडाव्यात.

निष्कर्ष

१. कामांची यादी आधी करावी. यंत्राचा तपशील त्यानंतर ठरवावा.
२. मर्यादित निधीत एसएसडी व पुरेशी रॅम यांस उच्च श्रेणीच्या प्रोसेसरपेक्षा प्राधान्य द्यावे.
३. यूपीएस, वीज व देखभाल यांची तरतूद वजा करूनच यंत्रांची संख्या निश्चित करावी.
४. सुधारता येण्याजोगी यंत्रे कामाच्या स्वरूपानुसार पुन्हा वापरात आणावीत.

सर्वांत महाग यंत्र हे सर्वांत योग्य असतेच असे नाही आणि सर्वांत स्वस्त यंत्र हे काटकसरीचे असतेच असेही नाही. विद्यार्थ्याच्या वाट्याला येणारा प्रात्यक्षिकाचा तास प्रतीक्षेत न जाता कामी यावा, हाच निवडीचा अंतिम निकष होय.