एकच बॅले दहा-दहा वेळा का पाहतात? समजून घ्या बॅलेवेड्या प्रेक्षकांची दुनिया

गोष्ट पाठ आहे, संगीत पाठ आहे, शेवट काय होणार तेही माहीत आहे. तरीही लंडन, पॅरिस किंवा मॉस्कोतले काही प्रेक्षक एकाच महिन्यात 'स्वान लेक'ची चार-पाच तिकिटं काढतात. आज एका नर्तकीसाठी, परवा दुसरीसाठी. बाहेरून पाहणाऱ्याला हा वेडेपणा वाटतो. मग हे लोक थिएटरमध्ये नेमकं काय पाहतात?

या वेडाला नाव काय?

अशा प्रेक्षकांना 'बॅलेटोमेन' म्हणतात. हा शब्द एकोणिसाव्या शतकातल्या रशियातून आला. अर्नोल्ड हॅस्केल या ब्रिटिश समीक्षकाच्या १९३४ सालच्या 'बॅलेटोमेनिया' या पुस्तकामुळे तो इंग्रजी वाचकांमध्ये रुळला.

हे वेड कुठवर जाऊ शकतं, याचा एक किस्सा नेहमी सांगितला जातो. मारी ताल्योनी ही त्या काळातली सर्वांत गाजलेली नर्तकी. १८४२ मध्ये ती सेंट पीटर्सबर्ग सोडून निघाली तेव्हा तिच्या चाहत्यांनी तिचे नृत्याचे बूट विकत घेतले, शिजवले आणि सॉस लावून खाल्ले म्हणे! खरंखोटं बाजूला ठेवलं तरी, चाहत्यांबद्दल लोकांना काय वाटत होतं ते यातून कळतं.

गोष्ट तीच, मग नवीन काय?

मराठी नाटक पाहणाऱ्यांना हे चटकन समजेल. 'नटसम्राट'मधले आप्पासाहेब बेलवलकर श्रीराम लागूंनी केले आणि दत्ता भटांनीही केले. संहिता तीच, पण माणूस वेगळा उभा राहिला. म्हणूनच नाटक 'नव्या संचात' आलं की जुने प्रेक्षक पुन्हा तिकीट काढतात.

बॅलेत हे एकाच आठवड्यात घडतं. मोठ्या कंपन्यांमध्ये एकाच भूमिकेसाठी अनेक कलाकार तयार असतात आणि ते आळीपाळीने नाचतात. कोणत्या दिवशी कोण नाचणार, ही यादी जाहीर झाली की खऱ्या चाहत्यांची धावपळ सुरू होते. ते 'स्वान लेक'चं तिकीट काढत नाहीत, ठरावीक जोडीचं काढतात. म्हणूनच दुखापतीमुळे ऐनवेळी कलाकार बदलला की अनेकांचा विरस होतो. पण कधी कधी त्या बदलातूनच एखाद्या नवख्या नर्तकीला पहिली मोठी संधी मिळते आणि तो प्रयोग लक्षात राहतो.

'स्वान लेक' १८७७ मध्ये मॉस्कोत पहिल्यांदा रंगमंचावर आला. आज दिसणारे बहुतेक प्रयोग मात्र १८९५ च्या सेंट पीटर्सबर्गमधल्या आवृत्तीवर आधारलेले असतात. त्यात साधारणपणे एकच नर्तकी दोन भूमिका करते. शापामुळे हंस झालेली हळवी ओडेट आणि राजपुत्राला फसवणारी ओडिल. काहींची ओडेट डोळ्यांत पाणी आणते, तर काहींची ओडिल भाव खाऊन जाते. दोन्ही तितक्याच ताकदीने उभ्या करणारी नर्तकी सापडावी, हा चाहत्यांचा कायमचा शोध असतो.

ओडिलच्या नाचात एका पायावर सलग ३२ गिरक्या असतात. त्यांना 'फुएते' म्हणतात. १८९५ मध्ये पिएरिना लेन्यानी या इटालियन नर्तकीने त्या 'स्वान लेक'मध्ये आणल्या. नवा प्रेक्षक गिरक्या मोजतो. मुरलेला प्रेक्षक नर्तकी जागेवरून सरकते का, संगीत सुटतं का आणि चेहऱ्यावर ओडिलचा तोरा टिकतो का, ते बघतो.

१८४१ मध्ये पॅरिसमध्ये आलेला 'जिझेल' हे याहून चांगलं उदाहरण. प्रियकराने फसवल्याचं कळल्यावर जिझेल भान हरपते आणि कोसळते. या प्रसंगात अवघड उड्या-गिरक्या जवळजवळ नाहीत, सगळी मदार अभिनयावर आहे. कुणाची जिझेल आक्रोश करते, तर कुणाची एकदम गप्प होते. दहाव्यांदा पाहणाऱ्याला शेवट माहीत असतोच. ही जिझेल तिथपर्यंत कशी पोहोचते, हे पाहायला तो आलेला असतो.

सगळ्यात महाग खुर्ची म्हणजे सगळ्यात चांगली का?

नेहमीच नाही. पुढच्या रांगेतून चेहरे दिसतात, धाप ऐकू येते, बुटांचा टकटक आवाजही येतो. पण समूहनृत्याची रचना वरच्या स्वस्त सज्जातूनच नीट कळते.

'ला बायादेर' हा १८७७ चा बॅले काल्पनिक भारतात घडतो. त्याच्या नावातला 'बायादेर' हा शब्द मूळ पोर्तुगीज 'बायलादेरा'वरून आला. गोव्यात पोर्तुगीज लोक देवळात नाचणाऱ्या कलावंतिणींना याच नावाने ओळखत. यातल्या एका प्रसंगात पांढऱ्या वेशातल्या नर्तकी एकामागून एक उतारावरून येतात आणि तीच हालचाल पुन्हा पुन्हा करत रंगमंच भरून टाकतात. वरून पाहिलं की एकही पाय चुकलेला लपत नाही.

शिवाय लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये उभं राहून पाहायची स्वस्त तिकिटंही मिळतात. वारंवार येणाऱ्या अनेकांना तीच परवडतात.

टाळ्या कधी वाजवायच्या?

पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या मैफिलीत मधेच टाळी वाजली तर लोक वळून बघतात. बॅलेत मात्र एखादं एकल नृत्य संपलं की भर प्रसंगात टाळ्या पडतात, कलाकार वाकून अभिवादन करतात आणि गोष्ट पुढे सरकते. बालगंधर्वांच्या काळात संगीत नाटकात 'वन्स मोअर' मिळायचा, तसं पुन्हा नाचणं मात्र बॅलेत क्वचितच होतं.

खरा सोहळा पडदा पडल्यावर असतो. रुडॉल्फ नुरेयेव आणि मार्गो फोंटेन १९६४ मध्ये व्हिएन्नात 'स्वान लेक' नाचले, तेव्हा प्रेक्षकांनी त्यांना ८९ वेळा पडद्यापुढे बोलावलं. तो विक्रम गिनीज बुकात गेला.

पण टाळ्या नेहमीच निखळ नसतात. एकोणिसाव्या शतकात पॅरिस ऑपेरामध्ये भाडोत्री टाळ्या वाजवणाऱ्यांची टोळीच होती. तिला 'क्लाक' म्हणत. कुणाला उचलायचं, हे बऱ्याचदा त्यांच्या हातात असे.

चुकलं तर काय बिघडतं?

या वेडाचं खरं कारण इथे आहे. नर्तकाची कारकीर्द फार छोटी असते. पॅरिस ऑपेरा बॅलेत ४२ व्या वर्षी निवृत्त व्हावं लागतं. तरुणपणी अंगात ताकद असते, पण भूमिकेची समज यायची असते. समज येते तेव्हा गुडघे कुरकुरायला लागतात. दोन्ही जुळून येतात ती वर्षं मोजकीच. चाहते ती वर्षं चुकवत नाहीत.

अपवादही घडतात. १९६२ मध्ये फोंटेन आणि नुरेयेव लंडनमध्ये पहिल्यांदा एकत्र 'जिझेल' नाचले तेव्हा ती ४२ वर्षांची होती आणि तो २३ वर्षांचा. तिची कारकीर्द संपत आली असं अनेकांना वाटत होतं. त्या जोडीने तिला दुसरा बहर आला.

पॅरिसमध्ये आणखी एक प्रथा आहे. 'एत्वाल', म्हणजे तारा, हा सर्वोच्च दर्जा बहुतेकदा प्रयोग संपल्यावर रंगमंचावरच जाहीर होतो. ११ मार्च २०२३ रोजी सोलमध्ये 'जिझेल' संपल्यावर गियोम द्योपला हा मान मिळाला. या कंपनीतला तो पहिला कृष्णवर्णीय एत्वाल. त्या रात्रीचं तिकीट ज्यांच्याकडे होतं, त्यांनाच तो क्षण समोर बसून पाहता आला. व्हिडिओ नंतर सगळ्यांनी पाहिला.

महाराष्ट्राशी काही नातं?

आहे. रशियन नर्तकी आना पावलोवा १९२० च्या दशकात भारतात आली होती. अजिंठ्याच्या चित्रांवरून तिने बॅले बसवून घेतला आणि १९२३ मध्ये लंडनमध्ये सादर केला. अलीकडे मुंबई परिसरातल्या मनीष चौहान आणि अमिरुद्दीन शाह या दोन मुलांच्या बॅलेप्रवासावरून सुनी तारापोरवाला यांनी 'ये बॅले' हा चित्रपट केला. तो २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर आला.

पहिल्यांदा पाहणार असाल तर?

गोष्ट आधी वाचून जा, कारण रंगमंचावर कुणी बोलत नाही. एकाच नर्तकीवर लक्ष ठेवा. आवडलं तर तोच बॅले दुसऱ्या संचात पुन्हा पाहा. दुसऱ्या वेळी 'पुढे काय होणार' हा प्रश्न उरलेला नसतो, त्यामुळे नजर आपोआप 'कसं होतंय' याकडे वळते. बॅलेवेडे दहाव्यांदा तिकीट काढतात ते यासाठीच.