प्रवासी मोजा, प्रवासही बघा

कोल्हापुरात मंगळवार पेठेतली केएमटीची, म्हणजे महापालिकेच्या बसची, सेवा सुधारायची म्हटलं की आधी सर्वेक्षण सुचतं. किती जण बस वापरतात, तिकीट परवडतं का, कुठली वेळ सोयीची? हे बाजार-संशोधन. पैसा कुठे घालायचा ते या आकड्यांशिवाय ठरत नाही. पण बसमध्ये फिरून भरलेल्या फॉर्मात बसमध्ये न चढलेली माणसं येतच नाहीत, आणि सेवा वाढायची ती त्यांच्यामुळेच!

ही माणसं दिसायला मिरजकर तिकटीच्या थांब्यावर उभं राहून बघावं लागतं. भाजीची पिशवी घेतलेली एखादी आजी बसवरची पाटी वाचता येईना म्हणून शेजारच्या पोराला विचारते, उंच पायरीपाशी थबकते, तोवर बस सुटते. मग ती रिक्षा करते. विचारलं तर म्हणेल, ‘‘बस बरी हाय की!’’ बोलणं आणि वागणं यांतली ही तफावत टिपतं ते डिझाइन-संशोधन.

तिकिटाचंच बघा. १७ मार्च २०२३ पासून राज्याच्या एसटीत महिलांना निम्मं तिकीट झालं. सर्वेक्षणात सांगता येणारी दराची अडचण अशी सुटते, थांब्यावरच दिसणारी पायरीची नाही.

म्हणून दोन्ही संशोधनांची सांगड हवी. थांब्यावर दिसलेली अडचण किती जणांना आहे ते मोजायचं, एकाच मार्गावर मोठ्या अक्षरांची पाटी लावून बघायची, पुन्हा मोजायचं. आकडा हलला नाही, तर परत थांब्यावर.