फिरत्या दुकानाची बॅटरी : घ्यावी कशी, बसवावी कशी

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील आपले बरेच बांधव कापड, रेडिमेड, चपला, बांगड्या गाडीत भरून आठवडी बाजार करतात. परतवाडा, अंजनगाव, दर्यापूर, अकोट अशी त्यांची फिरती असते. हिवाळ्यात बहिरमची यात्रा आणि होळीच्या सुमारास सैलानीची यात्रा भरते, तेव्हा गाडी हेच दुकान आणि गाडी हेच घर होते. बाजाराला खरा रंग चढतो तो संध्याकाळी. त्या वेळी उजेड कमी असला की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाते. मंद उजेडात काळा आणि गर्द निळा कपडा सारखाच दिसतो आणि दुसऱ्या बाजाराला बदलून देण्याचे वाद होतात. जनरेटरवाल्याला दर दिव्यामागे पैसे मोजण्यापेक्षा गाडीत स्वतःची बॅटरी असावी, हा विचार योग्यच आहे. घोटाळा होतो तो बॅटरी निवडताना.

पुष्कळ जण गाडी सुरू करणाऱ्या बॅटरीलाच दिवे जोडतात. हे सर्वस्वी गैर आहे. तिच्या प्लेटा पातळ असतात. काही सेकंद मोठा करंट द्यायचा आणि इंजिन सुरू झाले की लगेच भरून घ्यायचे, एवढेच तिचे काम. तिला तासन्‌तास तळापर्यंत रिकामी केली की प्लेटांचा मसाला झडतो. थोड्याच दिवसांत रात्री अकरा वाजता गाडीला धक्का मारण्याची पाळी येते. सावकाश रिकामी होऊन पुन्हा भरणारी बॅटरी वेगळी असते. तिच्या प्लेटा जाड असतात आणि तिला डीप सायकल म्हणतात. घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर आणि ई-रिक्षाची बॅटरी, दोन्ही याच जातीच्या. मलमल आणि मांजरपाट दोन्ही सुतीच, पण मलमलीची पिशवी कोणी शिवत नाही.

या दोहोंत माझे मत ई-रिक्षाच्या बॅटरीकडे आहे. इन्व्हर्टरची उंच ट्यूब्युलर एका जागी ठेवण्यासाठी असते. 150 अँपिअर-अवरची बॅटरी 50 किलोच्या वर भरते आणि खड्ड्यांत तिचे अ‍ॅसिड हिंदकळते. ई-रिक्षाची बॅटरी मुळात धक्के खाण्यासाठीच बनवलेली आहे.

किती मोठी घ्यावी, याचा हिशेब आधी कागदावर करावा. 20 वॅटचे चार एलईडी दिवे, 25 वॅटचे दोन पंखे, मोबाईल व बिलाचे मशीन मिळून 20 वॅट, म्हणजे 150 वॅट. पाच तास चालले तर 750 वॅट-अवर झाले. त्याला 12 व्होल्टने भागले की सुमारे 63 अँपिअर-अवर येतात. शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणून किमान 130 ची लागते. दिवे-पंखे थेट 12 व्होल्टवर चालणारेच घ्यावेत. इन्व्हर्टर मध्ये घातला की काही वीज त्यातच जाते. खरेदी करताना आकडा सी-20 चा आहे काय, हे विचारावे. सी-20 म्हणजे 20 तासांत सावकाश रिकामी केल्यावर मिळणारे माप. 150 ची बॅटरी साडेसात अँपिअर वीस तास देईल, पण भराभर काढल्यास तेवढे देणार नाही.

लिथियम फॉस्फेटची बॅटरी महाग पडते, पण 100 अँपिअर-अवरची 12 किलोच्या आसपास असते, 80 टक्क्यांपर्यंत वापरता येते आणि हजारो वेळा भरते. ज्यांचा आठवड्यात पाच-सहा बाजारांचा फेरा आहे, त्यांनी तिचा विचार अवश्य करावा. मात्र अकोल्याच्या मे महिन्यात, पारा 45 च्या वर असताना, बंद तापलेल्या गाडीत तिला चार्ज करू नये. उन्हाने शिशाच्या बॅटरीचेही आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून ती इंजिनाजवळ किंवा उन्हाच्या पत्र्याला लागून न बसवता सावलीत, खाली आणि दोन चाकांच्या मधल्या भागात बसवावी. प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवून लोखंडी चौकटीने आवळावी.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पॉझिटिव्ह टोकापासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवाच. कापडाने भरलेल्या गाडीत वायर घासून शॉर्ट झाली तर विझवायला वेळ मिळत नाही. बारीक वायर वापरून शे-दोनशे रुपये वाचवणाऱ्या मिस्त्रीला नकार द्यावा. पाण्याची बॅटरी भरताना हायड्रोजन वायू सोडते. गाडीत झोपणाऱ्यांनी तिची पेटी बंद ठेवून नळी बाहेर काढावी आणि जवळ बिडी-काडी पेटवू नये.

भरण्याचे म्हणाल तर अमरावती ते अकोला या शंभरेक किलोमीटरच्या प्रवासात ती पूर्ण भरत नाही. शेवटचा भाग भरायला कित्येक तास लागतात. नव्या बीएस-6 गाड्यांत तर अल्टरनेटर व्होल्टेज कमी-जास्त करतो, तिथे डीसी-डीसी चार्जर लागतो. जुन्या गाडीत दोन बॅटऱ्यांच्या मध्ये रिले टाकावा, म्हणजे इंजिन बंद होताच दोन्ही वेगळ्या होतात. घरी आल्यावर रात्रभर चार्जरवर लावावी. 150 च्या बॅटरीला 15 अँपिअर पुरे. टपावर सोलर पॅनल बसवल्यास आपल्या वऱ्हाडी उन्हाचा तेवढा तरी फायदा होतो. भरून काही तास शांत ठेवल्यावर शिशाची बॅटरी 12.7 व्होल्टच्या जवळ दाखवते. 12.2 म्हणजे निम्मी संपली. दीडशे-दोनशे रुपयांचे छोटे व्होल्टमीटर गल्ल्याजवळ लावून घ्यावे. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी पाणी पाहावे आणि डिस्टिल्डच घालावे. जुनी बॅटरी भंगारात न देता दुकानदाराला परत करून तिचे पैसे बिलातून वजा करून घ्यावेत.