खरं किती, या प्रश्नाच्या पुढे

ऐतिहासिक कादंबरीवर बोलायला जमलेल्या वाचनगटात एक प्रश्न सुरुवातीलाच येतो: हे खरंच असं घडलं होतं का? पडद्यावरच्या चौकटींमध्ये कुणी पुण्यात रात्रीचं जेवण आटोपून बसलेलं असतं, कुणी न्यू जर्सीत सकाळचा चहा घेत असतं, आणि या प्रश्नावर गटाचे तिथल्या तिथे दोन तट पडतात. एक तट म्हणतो, कादंबरीच आहे ती, तिच्यात इतिहास कशाला शोधायचा? दुसरा चुका काढायला बसलेला असतो: तारीख चुकली, अमुक सरदार तिथे नव्हताच. या दोन्ही वाटा फार लवकर संपतात. प्रश्न टाळू नये, आणि सबंध कादंबरीला एकच ‘हो’ किंवा ‘नाही’ लावून तो निकालातही काढू नये. तो एकेका प्रसंगाला वेगळा विचारावा. या प्रसंगाला आधार कुठला, तो कुणाच्या हातचा, आणि आधार संपल्यावर लेखकाने काय भरलं? चर्चा या अंगाने गेली तर इतिहास तर कळतोच, पण कादंबरी कितीतरी जास्त कळते.

विश्वास पाटलांची ‘पानिपत’ (१९८८) घ्या. १४ जानेवारी १७६१ ला काय झालं हे ठाऊक नसलेला मराठी वाचक विरळा, त्यामुळे शेवट आधी सांगायचा नाही हा गटांचा नेहमीचा नियम इथे लागूच होत नाही. उत्सुकता असते ती ‘कसं’ची. आणि बहुतेकांची गाडी अडते ती भूगोलापाशी. सदाशिवरावभाऊंच्या हाताखाली मराठे दिल्ली घेऊन आणखी उत्तरेला कुंजपुऱ्यावर गेले, तिथली रसद हाती आली. अफगाण बादशहा अहमदशाह अब्दाली तेव्हा यमुनेपलीकडे अंतर्वेदीत होता. ऑक्टोबर १७६० च्या अखेरीस त्याने बागपतजवळ नदी ओलांडली आणि तो मराठे व दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसला. म्हणून लढाईच्या दिवशी दक्षिणेतून गेलेली फौज दक्षिणेकडे तोंड करून उभी होती, आणि उत्तरेकडून आलेल्या अब्दालीचं तोंड उत्तरेला होतं. नुसत्या वाचनात ही उलटापालट निसटते. कुणीतरी पडद्यावर नकाशा उघडतो, बोट कुंजपुऱ्यावरून बागपतवर सरकतं, आणि ‘भाऊ सरळ मागे का फिरले नाहीत?’ हा प्रश्न गटातला कुणी पुन्हा त्याच स्वरात विचारत नाही. मागे फिरण्याच्या वाटेवरच शत्रू होता. घराघरांत विखुरलेल्या गटाचा हा मोठा फायदा आहे: पुस्तक, नकाशा आणि जुना कागद तिन्ही एकाच वेळी सगळ्यांच्या डोळ्यांपुढे येतात.

आता लढाईच्या आदल्या रात्रीकडे या. उपाशी सरदार भाऊसाहेबांच्या तंबूत येतात, असं कुजून मरण्यापेक्षा लढून मरू म्हणतात, विडे उचलतात. हा प्रसंग वाचताना आपण तंबूच्या आत असल्यासारखं वाटतं. पण त्याचा प्रमुख आधार आहे काशीराज पंडिताची फारसी हकिगत, आणि काशीराज होता शुजाउद्दौल्याच्या पदरी, म्हणजे समोरच्या छावणीत. शिवाय ही हकिगत त्याने लढाईनंतर सुमारे वीस वर्षांनी लिहिली. तंबूतलं बोलणं त्याने कानांनी ऐकलेलं नाही. ते त्याच्यापर्यंत कुणाकडून तरी पोचलं. त्यामुळे प्रसंग खोटा ठरत नाही. दोन्ही बाजूंत बोलणी चालू होती, आणि स्वतः काशीराजाला भाऊंची शेवटची चिठ्ठी आल्याचं तोच सांगतो. पण आपण सगळे ज्या तंबूत मनाने शिरतो, त्याचं दार आपल्याला पलीकडच्या माणसाने उघडून दिलं आहे, एवढं कळल्यावर कादंबरीकाराने तिथे काय केलं ते दिसू लागतं. काशीराजाने बाहेरून सांगितलेलं त्याने आतून सांगितलं. दत्ताजी शिंद्यांच्या अखेरच्या उद्गारांचंही असंच. बुराडी घाटावर शत्रूच्या गराड्यात पडलेल्या वीराचे ते शब्द आपल्यापर्यंत आले बखरीतून. ते ऐकून परत आलं कोण, हा प्रश्न गटात विचारला तर कुणाचा अपमान होत नाही; बखर कशी रचली जाते, यावर मात्र बोलणं सुरू होतं.

याउलट काही ठिकाणी कागद भरभरून बोलतात. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तो याच काळातल्या पत्रांचा. भाऊसाहेबांनी गोविंदपंत बुंदेल्यांना लिहिलेल्या पत्रांत पुन्हा पुन्हा तोच तगादा आहे: पैसा पाठवा, शत्रूची रसद मारा. ती ओळीने वाचली की माणूस दिसतो, आणि त्याच्या सुरात वाढत जाणारी घाईही. पुढे डिसेंबरात गोविंदपंत मारले गेले, नाकेबंदी आवळली आणि छावणीतून बाहेर जाणारी पत्रं आटली. नेमक्या याच शेवटच्या आठवड्यांत कादंबरी सर्वांत दाट होते. भूक, थंडी, गुरांची मढी, बाजारबुणग्यांचे हाल, बायकांची भीती. जिथे दप्तर गप्प होतं तिथे कादंबरीकार बोलू लागतो. हे व्यंग नव्हे; ऐतिहासिक कादंबरीचं खरं काम तिथेच आहे, आणि गटाने आपला बराचसा वेळ त्याच पानांना द्यावा.

यावर आक्षेप येतात, आणि ते हलके नाहीत. सर्वांत नेहमीचा असा की अशा चिरफाडीने रस मरतो. ‘स्वामी’ वाचून ज्यांचे डोळे भरून आले, त्यांना थेऊरचे कागद दाखवून काय साधणार? पण माधवराव पेशवे सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने गेले हे कागदातलं सत्य आणि रमाबाईंशी त्यांचं शेवटचं बोलणं ही रणजित देसाईंची निर्मिती, हे वेगळं कळल्यावर डोळ्यांतलं पाणी कमी होत नाही. उलट ते कुणामुळे आलं हे समजतं, आणि लेखकाचं श्रेय लेखकाला मिळतं. दुसरं म्हणणं असं की सामान्य वाचकाला साधनांची पारख कशी यावी? पूर्ण येणार नाही, मान्य. पण लिहिणारा कुठे होता, त्याने कधी लिहिलं आणि कुणाच्या पगारावर होता, हे तीन प्रश्न विचारायला मोडी यावी लागत नाही.

खरा अवघड आक्षेप वेगळाच आहे. आपल्याकडे इतिहासातल्या घराण्यांशी आजच्या माणसांच्या भावना बांधलेल्या आहेत. होळकरांनी रणांगण सोडलं म्हटलं की एकाला लागतं, भाऊ हट्टी होते म्हटलं की दुसऱ्याला. म्हणून कित्येक गटांत हा विषयच नको म्हणतात. त्यांची भीती मला समजते, कारण तोंडं म्यूट करता येतात, राग करता येत नाही. तरीही गप्प बसणं हा उपाय नव्हे. भाऊसाहेबांची बखर त्यांना अहंकारी, कुणाचं न ऐकणारा सेनापती म्हणून उभं करते, त्र्यं. शं. शेजवलकरांनी १९४६ साली इंग्रजीत आणि पुढे मराठीत पत्रांच्या आधारे त्यांची बाजू मांडली. पाटलांची कादंबरी त्या सहानुभूतीच्या अंगाने जाते. ही परंपरा गटासमोर ठेवली की भांडण ‘तुमचे’ आणि ‘आमचे’ यांच्यात राहत नाही, ते एका पुराव्याचं दुसऱ्या पुराव्याशी होतं. एवढ्याने सगळे शांत होतील असं नाही. पण ज्याला बोलायचं आहे त्याला आवाज चढवण्याऐवजी पान दाखवावं लागतं.

तुमच्या गटात ‘पानिपत’ घेणार असाल तर एवढं करा: पहिल्या बैठकीआधी यमुनेचा नकाशा सगळ्यांना पाठवा, राजवाड्यांच्या पहिल्या खंडातली गोविंदपंतांना गेलेली चार पत्रं एकेकाला वाचायला द्या, आणि विड्याचा प्रसंग येईल त्या दिवशी काशीराजाची हकिगत पडद्यावर उघडी ठेवा.