लाल ठिपका

सकाळचे साडेसात. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ढकलगाडीची चाकं खडखडतात आणि हाक चौथ्या मजल्यापर्यंत येते, "कचराऽऽ!" मी दोन डबे घेऊन खाली उतरतो. एरवी डबा टेकवून पळ काढतो. आज रजा आहे, म्हणून जिन्याच्या पायरीवर बसून राहतो.

कचरा न्यायला सासू-सून येतात. सून मजले चढते-उतरते, सासू, म्हणजे आमच्या मावशी, खाली निवडायला बसते. मावशींचा हात बघत राहावा असा. पिशवीची गाठ सोडण्यात त्या वेळ घालवत नाहीत, अंगठ्यानं टर्रकन फाडतात. पुठ्ठा पायाखाली चपटा होऊन एका गोणीत, कागद दुसरीत. शाम्पूची बाटली दाबून बघतात. "ह्यो फुगा. ह्याला भाव हाय." कसलंसं झाकण करकरतं. "ह्ये कडक. ह्याचं काय येत न्हाई." मला आजवर प्लास्टिकचे दोनच प्रकार ठाऊक होते, जाड आणि पातळ.

दुधाची पिशवी मात्र त्या माझ्यासमोर धरतात. आत पांढरे ओघळ, आंबूस वास. "धुतलेली वेगळी इकायची, अशी घाण वेगळी. आन् कोपरा समदा कापू नका. तो तुकडा कुठं शोधायचा?" पिशवी आमच्याच डब्यातली. मी मान डोलावतो.

मावशींच्या गळ्यात ओळखपत्र आहे. पूर्वी उकिरड्यावर सूर्य उगवायच्या आत जायचं, कुत्री मागं लागायची आणि काही हरवलं की पोलीस आधी यांनाच धरायचे. 1972 च्या दुष्काळात सोलापूर-मराठवाड्याकडून पुण्यात आलेल्या, बहुतेक दलित घरांतल्या अशा बायकांची 1993 मध्ये 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना झाली. त्यातूनच 2008 मध्ये 'स्वच्छ' ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था पुणे महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा गोळा करू लागली. आज तिच्यात तीन हजारांहून अधिक कचरावेचक आहेत. पगार कोणी देत नाही. घरटी महिन्याचं शुल्क आणि भंगाराची विक्री, एवढीच कमाई. म्हणजे समोर बसलेली ही बाई या धंद्याची मालकीण आहे, आणि कच्चा माल पुरवणारे आम्ही. परिसंवादात याला सामाजिक उद्योजकता म्हणतात. इथं त्याला आंबलेल्या मटकीचा वास येतोय.

महिन्याचा पहिला आठवडा, त्यामुळे पावतीपुस्तक बाहेर निघतं. पहिल्या मजल्यावरचे काका वर्तमानपत्र काखेत घालून उभे.

"मिळकतकर भरतो ना आम्ही? मग हे वेगळे कशाला?"

हा पुण्यातला जुना वाद. ज्यांची हयात तो घालण्यात गेली, त्यांच्यातले हे एक.

"कर म्हापालिकेला, काका. माझी गाडी तुमच्या दाराला येती, त्याचं ह्ये," मावशी मान वर न करता म्हणतात. आवाजात चीड नाही आणि विनवणीही नाही.

काका पावतीवरचा आकडा चष्मा वर करून वाचतात आणि पाकीट काढतात. नोट देताना "घ्या" म्हणतात. मावशी "घ्या" नाही म्हणत, पावती देतात. दोघांनाही ते पुरतं.

तेवढ्यात सून तिसऱ्या मजल्यावरून वर्तमानपत्राची एक पुडी आणते. वर लाल शाईचा गोल ठिपका. मावशी ती न उघडता बाजूला ठेवतात. आत वापरलेला पॅड किंवा डायपर आहे, हात घालू नका, एवढं तो ठिपका सांगतो. ही मोहीमही 'स्वच्छ'चीच. त्याच मजल्यावरच्या दुसऱ्या घरानं मात्र तसलाच ऐवज भाजीच्या देठांत मिसळून दिलाय. मावशी काही बोलत नाहीत. हातमोजा ओढून घट्ट करतात आणि एकेक देठ वेगळं काढतात. इतका वेळ सपासप चालणारा हात इथं अडतो. बाजूला सुकं भंगार तसंच पडून राहतं.

"हे काय झालं?" त्यांच्या मोज्याच्या फाटक्या टोकातून डोकावणाऱ्या चिंधीकडे बोट करून मी विचारतो.

"काच. परवा." त्या वर बघतात. "ह्याच जिन्यातली. काच आसंल तर सांगून हातात द्यावी."

परवा आमच्याकडे चहाचा ग्लास फुटला होता. तो मीच सुक्या डब्यात टाकला होता, नुसताच.

मी सांगतो. त्या फक्त "हां" म्हणतात आणि गोणीचं तोंड सुतळीनं आवळतात. पुढच्या इमारतीत अजून अठ्ठावीस घरं आहेत. त्यानंतर भंगारवाल्याचा काटा. तिथं भिजलेल्या पुठ्ठ्याचं वजन कापून धरतात, म्हणून ढग बघत दोघी गाडी जोरात ढकलतात.

वर येऊन मी लाल स्केचपेन शोधतो आणि डब्यापाशी खिळ्याला सुतळीनं बांधतो. तुम्हीही एक बांधा. आणि काच फुटली तर ती जाड कागदात गुंडाळा, खाली उतरा, सांगून हातात द्या.