जुनी फ्रेम, नवं चाक

माळ्यावर किंवा जिन्याखाली पडून असलेली जुनी पोलादी सायकल पुन्हा रस्त्यावर आणावी, असं अनेकांच्या मनात येतं. रंगाचे पोपडे निघाले तरी फ्रेम धडधाकट असते. दगा देतं ते मागचं चाक. रिम गंजलेली, हब झिजलेला. मग वाटतं, आजच्या सायकलीचं गिअरचं चाक आणावं आणि बसवून टाकावं. पण ते चाक मागच्या चिमट्यात शिरतच नाही. असं का होतं आणि त्यावर उपाय काय, ते आज पाहू.

मागच्या चिमट्याच्या दोन टोकांना खाचा असतात. त्यांत चाकाचा आस बसतो. या दोन टोकांमधलं आतलं अंतर हेच प्रश्नाचं मूळ. फ्रीव्हीलची एकच दातेरी चकती असलेल्या जुन्या सायकलींत ते ११० मिलिमीटरच्या आसपास असे. मागे पाच चकत्यांचे गिअर आले तेव्हा ते १२० झालं, सहा-सात चकत्यांना १२६, आणि आठपासून पुढे रस्त्यावरच्या सायकलींना १३०. डोंगरी सायकलींचं १३५. चकत्या वाढल्या, त्यांना जागा लागली, आस लांब होत गेला.

इथे पोलादाचा एक गुण कामी येतो. थोडं ताणलं तर ते सोडल्यावर मूळ जागी परततं. त्या मर्यादेपलीकडे बेतानं ताणलं तर न तडकता नव्या जागी स्थिर राहतं. म्हणून १२६ च्या फ्रेममध्ये १३० चं चाक हातानं चिमटा किंचित फाकवूनही बसतं. दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटरचाच प्रश्न असतो. ॲल्युमिनियमच्या किंवा कार्बनच्या फ्रेमवर हा प्रयोग कधीही करू नये.

१२० चं १३० करायचं तर मात्र काम जाणत्या कारागिराचं. दोन टोकांमध्ये जॅक लावून ती एकदम फाकवणं हा सोपा वाटणारा पण घातक मार्ग. दोन्ही बाजू सारख्या ताकदीच्या नसतात. कमजोर बाजू जास्त सरकते आणि चाक कायमचं तिरकं चालतं. म्हणून एकेक बाजू वेगळी, थोडी थोडी सरकवत, मध्ये मोजत जायचं. मोजायला साधी दोरी पुरते. ती मागच्या एका टोकाला बांधायची, हँडलखालच्या पुढच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या टोकाला आणायची. सीटखालच्या नळीपासून दोन्हीकडच्या दोरीचं अंतर सारखं आलं, की फ्रेम मध्यावर आहे असं समजावं. अमेरिकेतील सायकलतज्ज्ञ शेल्डन ब्राऊन (१९४४–२००८) यांनी ही पद्धत सविस्तर लिहून ठेवली आहे. शेवटी दोन्ही खाचा पुन्हा समांतर करून घ्याव्यात. त्या तिरप्या राहिल्या तर आसावर ताण येतो आणि तो वाकतो, कधी तुटतोही.

आणि आपल्याकडची काळी, रॉड ब्रेकची सायकल? तिथे ११० चे १३० करणं म्हणजे वीस मिलिमीटर. एवढं फाकवताना सांध्यांवर फार ताण येतो. शिवाय अडचण एवढ्यावर संपत नाही. या सायकलीच्या २८ इंची रिमचा, टायर बसतं तिथला व्यास ६३५ मिलिमीटर. आजच्या ७०० सी चाकाचा ६२२. रॉड ब्रेकचे रबर रिमला आतून, म्हणजे आऱ्यांच्या बाजूनं, दाबतात. नवी रिम त्यासाठी बनवलेलीच नसते, तिला ब्रेक दोन्ही अंगांनी लागतो. म्हणजे नवं चाक बसलं तरी मागचा ब्रेक गेला! जुनी रिम ठेवून नुसता हब बदलू म्हणावं, तर तिला बहुधा चाळीस आरे आणि नव्या हबला भोकं बत्तीस किंवा छत्तीस.

अशा सायकलीसाठी फ्रेमला हात न लावणं शहाणपणाचं. जुन्या मापाची रिम घेऊन एका चकतीचा हब आऱ्यांनी नव्यानं बांधून घ्यावा. गिअर हवेच असतील तर हबच्या पोटातले तीन गिअर हा जुना, भरवशाचा पर्याय आहे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमला १९०२ साली सुरू झालेली स्टर्मी-आर्चर कंपनी त्यासाठीच ओळखली जाते. त्यात बाहेर चकत्यांची रांग नसल्यानं आस तुलनेनं आखूड राहतो. मात्र असा हब घेण्यापूर्वीही आसाची लांबी आणि भोकांची संख्या तपासावी.

तेव्हा चाक विकत घेण्याआधी पट्टी हातात घ्या. खाचांमधलं अंतर, रिमचा व्यास आणि ब्रेकची जात, या तीन गोष्टी कागदावर लिहून मगच दुकानात जा. फरक चार मिलिमीटरचा असेल तर फ्रेम समजून घेईल. दहाचा असेल तर जाणता कारागीर शोधा. वीसचा असेल तर चाकानंच फ्रेमचं ऐकावं. चाक आरे सोडून पुन्हा बांधता येतं. सांध्यात तडकलेली फ्रेम पूर्वीसारखी करणं फार अवघड.