शिकवण्याच्या पद्धतींची परीक्षा

एखादी अध्यापनपद्धती दुसरीपेक्षा सरस आहे असे म्हणणे सोपे असले, तरी ते सिद्ध करणे कठीण असते. कारण नवी पद्धत बहुधा उत्साही शिक्षकच प्रथम स्वीकारतात आणि त्यांच्या वर्गाचा निकाल सुधारला, तर त्याचे श्रेय पद्धतीला द्यावे, शिक्षकाला द्यावे की मुळातच हुशार असलेल्या विद्यार्थ्यांना, हे ठरवता येत नाही. या अडचणीवर संशोधकांनी दोन उपाय योजले. पहिला उपाय म्हणजे तीच चाचणी शिकवण्यापूर्वी आणि शिकवल्यानंतर घेणे, आणि दुसरा म्हणजे कोणत्या गटाला कोणती पद्धत मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निव्वळ योगायोगावर सोपवणे, ज्याला यादृच्छिक चाचणी म्हणतात.

पहिल्या उपायाचा मोठा प्रयोग भौतिकशास्त्रात झाला. डेव्हिड हेस्टेनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये बलविषयक संकल्पनांची एक बहुपर्यायी चाचणी तयार केली, जिच्यात आकडेमोड जवळजवळ नसते आणि चुकीचे पर्याय लोकांच्या रोजच्या गैरसमजांतून घेतलेले असतात. प्रामुख्याने या चाचणीच्या आधारे रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतील ६२ अभ्यासक्रमांतल्या सुमारे साडेसहा हजार विद्यार्थ्यांचे गुण तपासले. आरंभी न मिळालेल्या गुणांपैकी किती हिस्सा अभ्यासक्रमाच्या शेवटी मिळवता आला, हे त्यांचे माप होते. केवळ व्याख्यानांवर चालणाऱ्या वर्गांत हा हिस्सा सरासरी २३ टक्के, तर प्रश्न, चर्चा आणि तत्काळ प्रतिसाद यांवर आधारलेल्या वर्गांत ४८ टक्के भरला. पुढे २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, गणित व अभियांत्रिकीच्या पदवी अभ्यासक्रमांवरील २२५ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तेव्हा अनुत्तीर्णांचे सरासरी प्रमाण व्याख्यानवर्गांत ३३.८ टक्के, तर अशा कृतिशील अध्ययनाच्या वर्गांत २१.८ टक्के असल्याचे दिसले.

विद्यार्थ्यांचे मत मात्र या आकड्यांशी नेहमीच जुळत नाही. हार्वर्ड विद्यापीठातील लुई देलोरिए आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट करून तोच आशय एका गटाला प्रवाही व्याख्यानातून, तर दुसऱ्याला लहान गटांत उदाहरणे सोडवून घेत शिकवण्यात आला. कृतिशील वर्गातील विद्यार्थ्यांना चाचणीत अधिक गुण मिळाले, तरी आपण कमी शिकलो अशी त्यांची समजूत होती. कारण ऐकताना सहज पटणारे विवेचन आपल्याला समजले असे वाटते आणि स्वतः सोडवताना होणारी ओढाताण अपयशासारखी भासते. म्हणूनच अध्यापनाचा दर्जा केवळ विद्यार्थ्यांच्या अभिप्रायावरून ठरवणे धोक्याचे आहे.

एवढ्यावरून व्याख्यान निरुपयोगी आहे असा निष्कर्ष मात्र निघत नाही. मूल आपले ज्ञान अनुभवातून स्वतः रचते, हा विचार राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ मध्ये स्वीकारला गेला आणि महाराष्ट्रातील जिल्हा परिषद शाळांत तो ज्ञानरचनावाद या नावाने परिचित झाला. परंतु मुलांना अत्यल्प मार्गदर्शन देऊन शोध घेऊ देण्याच्या पद्धतीवर पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी २००६ मध्ये कठोर टीका केली. तिचा आधार बोधात्मक भाराचा सिद्धांत हा होता. कार्यकारी स्मृती, म्हणजे विचार चालू असताना माहिती तात्पुरती धरून ठेवणारी मनाची यंत्रणा, एका वेळी मोजक्याच नव्या गोष्टी पेलू शकते. त्यामुळे विषयात नवख्या असलेल्या मुलाला अनोळखी प्रश्नावर एकट्याने झुंजायला लावले, तर त्याच्या कार्यकारी स्मृतीची सारी शक्ती धडपडीतच खर्च होते. अशा मुलाला पायरीपायरीने सोडवून दाखवलेली उदाहरणे अधिक शिकवतात. तयारी झालेल्या विद्यार्थ्याला तीच उदाहरणे अनावश्यक ठरतात आणि कधी अडथळाही होतात. या दृष्टीने पाहिल्यास दोन्ही बाजूंच्या निष्कर्षांत विरोध उरत नाही, कारण कृतिशील वर्गांतही प्रश्नांची निवड, क्रम आणि वेळ शिक्षकच ठरवत असतो आणि चूक लगेच दुरुस्त होत असते.

विद्यार्थ्याची पातळी किती निर्णायक असते, हे मुंबई व वडोदरा येथील एका अभ्यासाने दाखवून दिले. ‘प्रथम’ या संस्थेच्या बालसखी उपक्रमात तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर नेऊन वस्तीतीलच एक तरुणी वाचन आणि अंकगणिताची मूलभूत कौशल्ये शिकवत असे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात मुंबई व वडोदरा येथील महापालिका शाळांत या उपक्रमाची यादृच्छिक चाचणी केली. मुलांचे गुण सरासरीपासून ज्या अंतरावर विखुरलेले असतात त्याचे माप म्हणजे प्रमाण विचलन. त्या मापात शाळांतील गुण पहिल्या वर्षी ०.१४, तर दुसऱ्या वर्षी ०.२८ इतके वाढले. ही वाढ बालसखीकडे गेलेल्या मुलांमुळे झाली होती. मूळ वर्गाची पटसंख्या त्या दोन तासांत कमी होऊनही तेथील मुलांना विशेष लाभ झाला नाही. उपक्रम संपल्यावर वर्षभरात हा परिणाम बराच ओसरला, यावरून अशा शिकवणीत सातत्य लागते असे दिसते.

मुलाच्या पातळीनुसार शिकवावे, हा पद्धतींच्या तुलनेतून निघणारा निष्कर्ष भारतीय कायद्यालाही अपरिचित नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २४ मध्ये शिक्षकाने संपूर्ण अभ्यासक्रम ठरलेल्या मुदतीत पूर्ण करावा असे म्हटले आहे, आणि त्याच कलमात प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखून आवश्यक तेथे जादा अध्यापन करावे असेही सांगितले आहे. पहिल्या कर्तव्याची पूर्तता वेळापत्रकावरून सहज तपासता येते, तर दुसऱ्यासाठी मुलाला काय येते हे वारंवार पाहण्याची आणि त्यानुसार शिकवण्याची मोकळीक शिक्षकाला द्यावी लागते. ती दिली गेली नाही, तर खडू-फळ्याची जागा कृतिपत्रिकांनी घेतल्यानेही मागे पडलेले मूल मागेच राहील.